घाई कोणाला आहे?

हातात कुठलाही कागद आला की काका आधी तो उलटा करायचे. पुढची बाजू नंतर वाचायचे. बेसबॉलच्या मैदानाच्या फाटकाशी मी पत्रकं वाटत उभी होते, तेव्हा त्यांनी माझंही पत्रक घेतलं, उलटं केलं, कोऱ्या पाठीवरून अंगठा फिरवला आणि सरळ मराठीत विचारलं, "इथलं काय सांगायचं राहिलंय?"

"काही नाही. एकाच बाजूला छापलंय."

"असं कसं? दुसरी बाजू असणारच. तू छापली नाहीस, एवढंच."

मी मराठी आहे हे यांना कसं कळलं, हा माझ्या डोक्यात आलेला पहिला विचार. नंतर कळलं की मी फोनवर कुणाला तरी "अगं, ऐक ना" म्हणाले होते आणि ते पाठीमागून येत होते. मला ते आवडलं नाही. आपलं बोलणं कुणी ऐकलं की मला संशय येतो. काकांना तर सगळ्याचाच यायचा. त्या बाबतीत आमचं पहिल्या दिवसापासून जमलं.

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. इंडियन ग्रोसरीत 'फ्रेश मेथी' अशी पाटी दिसली की हे दुकानदाराला विचारणार, "काल काय लिहिलं होतं?" डॉक्टर म्हणाला सगळं नॉर्मल आहे, की हे विचारणार, "काय काय तपासायचं राहिलं?" जन्मभर एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग केलेला माणूस. पुण्याहून आले तेव्हा केस काळे होते, म्हणायचे, आणि प्रोग्रॅमर लोकांवर विश्वास होता. पुढे दोन्ही गेलं.

त्यांचा ठरलेला प्रश्न एकच. कुणी काहीही लवकर करायला सांगितलं, ऑफर आजच संपतेय म्हणालं, फॉर्मवर इथेच सही करा म्हणालं, की काका हात मागे बांधत आणि म्हणत, "घाई कोणाला आहे, ते आधी सांगा."

मला तो प्रश्न इतका आवडला की मी तो पुढच्या पत्रकावर छापला. आमची संघटना गोदाम कामगारांसाठी काम करते. शिकागोच्या बाहेर आमच्या गावाभोवती मैलोगणती गोदामं आहेत. तिथे माणूस बाथरूमला गेला तरी त्याच्या नावापुढे घड्याळ सुरू होतं. उन्हाळ्यात रविवारी दुपारी गावच्या मैदानावर गर्दी जमते. टीम छोटी, टीव्हीवर न दिसणारी. पण गर्दी असते तिथे आम्ही पत्रकं नेतो. बेसबॉलशी माझं तेवढंच नातं होतं.

अशाच एका दुपारी पत्रकं संपली आणि ऊन फार होतं, म्हणून मी आत जाऊन सावलीतल्या रांगेत बसले. पुढच्याच रांगेत काका. शेजारी काळा चष्मा लावलेल्या एक बाई, सुती साडीवर टीमची टोपी घातलेल्या. आणि काका बोलत होते. थांबतच नव्हते. मला वाटलं, कानात काहीतरी घालून मीटिंग चालली आहे. रविवारीसुद्धा! निवृत्त झाला तरी कंपनी सोडत नाही माणसाला, असा संताप मला आलासुद्धा. मग शब्द ऐकू आले.

"आता आलाय तो उंच पोरगा. त्याच्या विजारीला गुडघ्यावर माती लागलीय. बॅट खांद्यावर अशी धरतो की जणू छत्री आहे आणि पाऊस येईल की नाही याचा विचार चाललाय. फेक्या त्याच्याकडे बघत नाहीये. टोपी काढली. घाम पुसला. टोपी घातली. आता बघतोय."

"टोपीवर डाग आहे का?" बाईंनी विचारलं.

"आहे. का गं?"

"मागच्या वेळी होता. धुतली नाही म्हणायची."

काकूंच्या मांडीवर घडी केलेली पांढरी काठी होती. ती मला तेव्हा दिसली.

साखरेच्या आजाराने काकूंची नजर हळूहळू गेली होती. त्याआधी त्या दोघांना बेसबॉलचं फारसं वेड नव्हतं. वेड लागलं ते नजर गेल्यावर. सिनेमा काकूंना नको झाला होता. "सगळे माझ्या डोक्यावरून बोलतात," म्हणायच्या. शेजाऱ्यांनी एकदा तिकिटं दिली म्हणून हे मैदानावर आले, आणि काकांच्या लक्षात आलं की हा खेळ बऱ्याच वेळा चालू नसतोच. फेक्या चेंडू चोळत उभा राहतो. मारणारा हातमोजे सोडतो, पुन्हा बांधतो. तेवढ्यात सगळं सांगून होतं.

काकू साताऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ऐकण्यात त्यांना कुणी फसवू शकत नसे. इंग्रजी त्यांना उत्तम यायचं, पण मैदानावर नको असायचं. "इंग्रजीतलं मला कळतं," त्या म्हणायच्या, "पण दिसत नाही." म्हणून काकांनी मराठी शब्द बनवले. पिचर म्हणजे फेक्या. धाव पूर्ण करून होम प्लेटवर आला की 'घरी पोचला'. नेम चुकला की 'हुकला'. आणि सामना बरोबरीत राहून जादा डाव सुरू झाला, की नव्या नियमाने दुसऱ्या बेसवर, म्हणजे धावेच्या अर्ध्या वाटेवर, एक माणूस आयताच आणून उभा करतात. सामना लवकर संपावा म्हणून. पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा काका गोंधळून गप्पच झाले.

"काय झालं?" काकू.

"दुसऱ्या बेसवर माणूस आहे."

"त्याने मारला कधी? आवाज आला नाही."

"मारला नाही. काहीच केलं नाही. आणून ठेवलाय."

"म्हणजे वशिल्याचा!" काकू म्हणाल्या. तेव्हापासून त्याचं नाव वशिल्याचाच. तो घरी पोचला की सारं मैदान ओरडायचं आणि काकू एकट्या हात आखडून बसायच्या.

मी दर रविवारी आत जाऊन बसायला लागले. बेसबॉल मला अजूनही धड कळत नाही. मी काका ऐकायला जायचे. आणि भांडायला. कारण मराठीतून खेळ सांगण्यात एक अडचण होती आणि ती मी त्यांना तोंडावर सांगितली होती.

"काका, तुमचं क्रियापद फार उशिरा येतं."

"मराठीचं क्रियापद शेवटीच असतं."

"हो, पण तुम्ही मधे पाहुणे किती घेता!"

खोटं नव्हतं. चेंडू उडाला की काका सुरू करायचे: "तो डावीकडचा, मघाशी ज्याने लहान मुलीला चेंडू दिला ना, तो कुंपणाच्या दिशेने, पाठ आपल्याकडे करून, हात असा वर, उन्हाकडे तोंड करून—"

"अहो, झेलला की सोडला?"

"—धावत जाऊन, झेलला!"

तोवर लोक ओरडून, बसून, पॉपकॉर्न खायला लागलेले असायचे. पण चालायचं. पुढचा चेंडू पडायला अवकाश असायचा. काकांचं वाक्य त्या अवकाशात आरामात पाय पसरून बसायचं.

मग घड्याळ आलं.

मोठ्या टीमांकडे आलं तेव्हा आमच्याकडेही आलं. लाल आकडे, एक घड्याळ मारणाऱ्याच्या मागे, एक दूर कुंपणावर. फेक्याने तेवढ्या सेकंदांत चेंडू टाकायचा. मारणाऱ्याने त्याआधी तयार राहायचं. नाही राहिला तर दंड. हातमोजे सोडणं-बांधणं संपलं. पहिल्या बेसकडे चेंडू फेकून धावणाऱ्याला धाक दाखवण्यावरही मर्यादा आली. गावातल्या बहुतेकांना ते पसंत पडलं. आपल्याकडचे आयटीवाले तर खूश. "यार, आता मॅच बघून घरी येऊन जेवणसुद्धा होतं," असं एकजण मला म्हणाला. मी त्याला पत्रक दिलं.

पहिल्या रविवारी काका पहिलं वाक्य सुरू करून मधल्या पाहुण्यांपर्यंत आले आणि धप्प, चेंडू पडला. ते सोडून दुसरं सुरू केलं. धप्प. त्यांचं प्रत्येक वाक्य डोक्यावाचून मरत होतं. किंवा शेपटावाचून म्हणा. काकू दोन्ही हात काठीवर ठेवून मान त्यांच्याकडे कलवून बसल्या होत्या. सगळे ओरडले तेव्हा त्या विचारत होत्या, "काय?" आणि काका सांगत होते ते आधीच्या चेंडूचं.

घरी जाताना काकू म्हणाल्या, "आज मला खेळ मागून ऐकू येत होता."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गोदामातलं घड्याळ काय आणि हे घड्याळ काय, कारखाना एकच. माणसाच्या हातमोजे बांधण्यावर ज्यांचा डोळा आहे ते कुणाच्याच भल्याचे नाहीत, असं माझं म्हणणं होतं आणि अजूनही बरंचसं आहे. खेळ कंटाळवाणा झाला म्हणता? जाहिराती तेवढ्याच. मधले नाच-गाण्याचे तमाशे तेवढेच. कमी केलं ते फक्त माणसांचं उभं राहणं. मी त्या रात्रीत पत्रक लिहून टाकलं.

काकांची पद्धत वेगळी. ते चौकशीच्या खिडकीशी गेले. मी बरोबर होतेच. तिथला मॅनेजर तरुण, हसरा, टीमचा शर्ट खोचलेला. काकांनी इंग्रजीत शांतपणे विचारलं, "घाई कोणाला आहे?"

"सर, फॅमिलीजना आवडतंय. मुलं वेळेवर घरी जातात."

"मी आणि माझी बायको, आम्ही फॅमिली नाही का?"

मॅनेजर चांगला माणूस होता, मला तेवढ्यामुळेच त्याचा संशय आला. त्याने काकूंबद्दल ऐकून घेतलं आणि पुढच्या रविवारी त्यांच्यासाठी कानात घालायचं यंत्र आणून दिलं. रेडिओवरचं वर्णन त्यातून यायचं. काकांनी ते उलटसुलट करून पाहिलं, खालचं झाकण उघडून पाहिलं, बॅटरी काढून पुन्हा घातली. मग काकूंच्या कानाला लावलं. काकूंनी एक डावभर ऐकलं आणि काढून त्यांच्या हातात दिलं.

"चांगलं आहे. अगदी वेळेवर सांगतो तो माणूस."

"मग?"

"त्याला काही विचारता येत नाही."

माझं पत्रक तयार होतं. 'घड्याळ हटवा' असं मोठ्या अक्षरांत. खाली लिहिलं होतं: एक वृद्ध पती आपल्या दृष्टिहीन पत्नीसाठी वर्षानुवर्षे आपल्या मातृभाषेतून खेळ जिवंत करतो, नफेखोरांच्या घड्याळाने त्या असहाय जोडप्याच्या तोंडचा शेवटचा आनंद हिरावला आहे. इंग्रजीतही होतं. शेजारी सहीची जागा. मला ते चांगलं वाटलं होतं, खरं सांगते.

काकांनी आधी पाठ पाहिली. कोरी. मग पुढची बाजू वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"हे कोण आहेत, म्हातारा आणि म्हातारी?"

"तुम्हीच की, काका."

"आम्ही इतके बिचारे कधी झालो?"

काकू हसायला लागल्या. "मला वाचून दाखवा हो. असहाय कोण आहे, तुम्ही का मी?"

"दोघं," काका म्हणाले. "जोडपं म्हटलंय."

"काका, साइन करा ना. तुम्ही केलीत तर बाकीचे करतील. हे लोक तुम्हाला गृहीत धरतायत."

"थांब. मी अजून तपासलेलं नाही."

आणि त्या माणसाने, ज्याच्यासाठी मी हे सगळं करत होते, पुढचे दोन रविवार माझ्याच बाजूची उलटतपासणी केली. रांगा दाखवणाऱ्या म्हाताऱ्या बाईला विचारलं. ती म्हणाली, देवाची कृपा, आता माझी बस चुकत नाही, गुडघ्यांना बरं. तान्ह्या मुलाला घेऊन बसलेल्या आईला विचारलं. ती म्हणाली, पूर्वी आम्ही अर्ध्यातून उठून जायचो, आता शेवट बघतो. बिअर विकणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, मला विचारू नका, माझे पाय दुखतात तेवढेच दुखतात. एका जुन्या प्रेक्षकाला विचारलं, तर त्याने इतक्या शिव्या दिल्या की काकांनी त्या मला गाळून सांगितल्या. "तो आपल्या बाजूचा आहे," म्हणाले. "म्हणून त्याचं जरा कमीच धरलं."

"का? आपल्या बाजूचा आहे म्हणून?"

"मग! आपल्याला हवं तेच कुणी सांगितलं की दोनदा बघावं लागतं."

त्यांनी सही केली नाही. "घड्याळ चूक आहे असं मला दाखवता येत नाही," ते म्हणाले. "मला ते आवडत नाही. ही दोन वेगळी वाक्यं आहेत. तुझ्या पत्रकात ती एकच झालीयत."

"म्हणजे काकूंना खेळ दिसला नाही तरी चालेल तुम्हाला?"

हे मी मुद्दाम लागेल असं बोलले. लागलं. त्यांनी पत्रकाची चौकोनी घडी घातली, खिशात ठेवली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ते माझं आणि तिचं आहे. बसचा आणि तुझा त्यात काही संबंध नाही."

मग त्यांनी स्वतःला बदलायचा प्रयत्न केला. लांब वाक्यं बंद. पाहुणे बंद. "फेकला. हुकला. फेकला. बाहेर. फेकला. मारला. धावतोय. बाद." घड्याळाच्या आत बसायचं सगळं. काका घामाघूम व्हायचे, जणू स्वतःच फेकत होते. मला वाटलं, जमलं की! काकूंनी तीन डाव ऐकून घेतलं.

"तार आलीय का कुठून?" त्या म्हणाल्या. "अहो, मी एक्स्चेंजमध्ये होते. लोक असं बोलायचे ते पैसे वाचवायला, नाहीतर कुणी गेलं म्हणून. आपलं काय चाललंय?"

"वेळ मिळत नाही गं."

"मग राहू दे. तुमची छाती भरून येते. मला घरी रेडिओ पुरे."

"घरी तू रेडिओ लावत नाहीस."

"न लावलेला पुरे."

पुढच्या रविवारी काकू आल्या नाहीत. त्यापुढच्याही. काका एकटे आले. त्याच जागी बसले, शेजारची खुर्ची मोकळी सोडून. मी मागच्या रांगेतून बघत होते. ते काही बोलत नव्हते, पण ओठ हलत होते. चेंडू पडला की थांबायचे, मान हलवायचे, पुन्हा सुरू. मला आधी वाटलं देवाचं नाव घेतायत, आणि काकांचा देवावरही विशेष विश्वास नव्हता म्हणून मी पुढे वाकून ऐकलं. सराव चालला होता. तेच वाक्य वेगवेगळ्या ठिकाणी कापून बघत होते. क्रियापद पुढे आणून. नाव गाळून. टोपी गाळून, माती गाळून. प्रत्येक वेळी काय गाळलं तर चालेल याची परीक्षा. बहुतेक काहीच गाळलेलं त्यांना चालत नव्हतं.

"नाही होत," शेवटी ते मला म्हणाले. मागे न वळता. मी ऐकतेय हे त्यांना माहीत होतं. "चेंडू सांगितला तर माणूस राहतो. माणूस सांगितला तर चेंडू राहतो."

माझ्या पिशवीत पत्रकं होती आणि त्यांतलं एकही इथे उपयोगाचं नव्हतं.

काकू पुन्हा आल्या त्या रविवारी आकाश भरून आलं होतं आणि गर्दी बेताची होती. आल्या त्या भांडतच आल्या. गाडीत काय झालं होतं कोण जाणे. खुर्चीवर बसता बसता काकू म्हणत होत्या, "आणि मला इतकी बहिरी समजू नका."

"मी कुठे म्हटलं बहिरी?"

"मग चेंडूचं कशाला सांगता? चेंडूचं मला ऐकू येतं. बॅटला नीट लागला की आवाज वेगळा. कडेला लागला की वेगळा. हुकला की मागे बसलेल्या झेलणाऱ्याच्या हातमोज्यात धप्प होतं. झेल असला की लोक आधी गप्प होतात. हे मला कुणी सांगायला नको. मला बाकीचं सांगा. आकाश कसं आहे, कोण आलंय, त्या फेक्याचं आज काय बिनसलंय. ते ऐकू येत नाही."

घड्याळ चाललं होतं, चेंडू पडत होते.

मग काकांनी एक गोष्ट केली जी मी त्या मैदानावर दुसऱ्या कुणाला करताना पाहिली नाही. ते खुर्चीत पूर्ण वळले. खेळाकडे पाठ नाही तरी खांदा, आणि तोंड काकूंकडे. मधूनच मान वळवून मैदानाकडे एक नजर टाकायची, आणि परत काकूंकडे बघून बोलायचं.

"तो लाल मोज्यांचा पोरगा आलाय. त्याची आई आपल्या खालच्या रांगेत आहे, तो आला की उभी राहते, लोक 'बसा बसा' करतात. आज तिने केस कापलेत. तो तिच्याकडे बघत नाही, लाजतो, पण पायाने माती उकरतोय ती तिच्याच बाजूला, आणि आता तो—"

धप्प.

"हुकला," काकू म्हणाल्या.

"हुकला का? बरं. तर आई बसली नाही अजून. ढग आता शाळेच्या इमारतीवर आलेत, काळे आहेत पण मागून ऊन आहे. फेक्या आज रागावलाय, बहुतेक मागे बसलेल्याने खुणेने सांगितलेलं त्याला पटत नाही, तो मान अशी हलवतोय आणि—"

टण्ण.

"मारला. उंच गेला. उजवीकडे." काकूंनी हनुवटी वर केली. मैदान गप्प झालं. "झेलला."

"झेलला?"

"झेलला हो. पुढे सांगा."

घड्याळाचे लाल आकडे काकांच्या पाठीमागे उतरत होते आणि काकांना त्यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं. आता चेंडू कधीही पडो. वाक्य ते सुरू करत, हवं तेवढं लांबवत, आणि क्रियापद काकू लावत. कधी काकांचं वाक्य एकीकडे चाललेलं असे आणि काकूंचं क्रियापद भलतंच येई. "त्या बाळाने आईचं आइस्क्रीम—" "बाद!" मग दोघंही हसत. खालच्या रांगेतली आई एकदा वळून बघायला लागली, तर काकांनी तिला इंग्रजीत सांगितलं की तुमचा मुलगा छान खेळतो. तो तेव्हाच बाद झालेला होता. काकांनी पाहिलंच नव्हतं.

माझा पक्का संशय आहे की नंतर नंतर काका बरंच रचून सांगायचे. एकदा त्यांनी कुंपणावर बगळा बसवला. मी नीट पाहिलं, बगळा नव्हता.

"काका, बगळा कुठेय?"

"होता. तुझ्या येण्याआधी."

"मी तुमच्या आधी आलेय."

"मग तू तपासलं नाहीस नीट."

काकू म्हणाल्या, "मला माहितेय बगळा नाही. बोलू दे त्यांना."

मी घड्याळाविरुद्धची मोहीम सोडली नाही, तुम्हाला तसं वाटायला नको. पत्रकं वाटली, सह्या जमवल्या, थोड्याशाच जमल्या, आणि घड्याळ जिथल्या तिथे आहे. पण काकांनी सांगितलेली दुसरी बाजू मी छापायला लागले. पाठीवर बसवाल्या बाईचं म्हणणं असतं. आमच्या संघटनेतल्या लोकांना ते आवडत नाही. विचारतात, समोरच्याची वकिली तू का करतेस? मी सांगते, कोरी जागा होती.

थंडीत काका गेले. छाती भरून येते असं काकू म्हणत होत्या, ती खरंच भरून येत होती, आणि सगळ्या गोष्टी तपासणाऱ्या या माणसाने ती एक तपासली नव्हती. मला मेसेज आला तेव्हा मी एका गोदामाबाहेर बर्फात उभी होते. नेहमीसारखा संशय आला की चुकीचा असेल. मी फोन केला. चुकीचा नव्हता.

हंगाम सुरू झाला तेव्हा काकूंची मुलगी न्यू जर्सीहून आलेली होती. तिने मला फोन करून विचारलं, "आई मॅचला जायचं म्हणतेय. इज इट ओके? तू जाशील तिच्याबरोबर?"

गेलो. काकूंनी साडीवर जाड कोट घातला होता, वर टीमची टोपी. त्या नेहमीच्या जागी बसल्या आणि मी शेजारी बसायला लागले तेव्हा म्हणाल्या, "एक सोडून बस." मी एक सोडून बसले. त्यामुळे मला मोठ्याने बोलावं लागणार होतं, आणि काय बोलावं ते मला माहीत नव्हतं. मला अन्याय सांगता येतो. मागण्या सांगता येतात. समोर नुसतं जे आहे ते सांगायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

धप्प. "हुकला," काकू पुटपुटल्या. धप्प. "हुकला." टण्ण. "बाहेर." त्यांच्या तोंडून ती नुसती क्रियापदं ऐकणं मला सहन होईना.

"कोण आहे खेळायला?" त्यांनी विचारलं.

मी फलकाकडे पाहून नाव वाचलं.

"नाव नको गं. कसा आहे?"

मी बघितलं. घड्याळ उतरत होतं. मी म्हटलं, "नवीन आहे, काकू. लहान दिसतो. कान मोठे आहेत, हेल्मेटच्या बाहेर येतायत. घाबरलाय बहुतेक, पण दाखवत नाहीये, बॅट फार घट्ट धरलीय, बोटं पांढरी झालीयत आणि तो—"

टण्ण.

काकूंनी हनुवटी वर केली. मैदान गप्प झालं नाही, ओरडत उभं राहिलं.